सोलोमोना प्रार्थनेला बसलाय

सोलोमोना माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे पुढे ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

वाईमालु गावात कंपनीच्या दुकानामागे एक खोली होती. त्या खोलीत तांदळाच्या पोत्यांना टेकून एक करडी पेटी उभी होती, आणि त्या पेटीत जो प्रोग्रॅम चालायचा त्याला सगळे सोलोमोना म्हणायचे. सावाईई बेटावर कंपनीची गावोगाव दुकानं. प्रत्येक दुकान दिवसभराची विक्री आपापल्या तऱ्हेने कळवायचं. कोणी मासळीचे डबे खोक्यांत मोजायचं, कोणी सुटे मोजायचं, आणि फालेपुनाची पेलेनीसे तर साबणासमोर नुसतं ‘संपत आलाय’ असं टाकून मोकळी व्हायची. सोलोमोनाने हे सगळं गोळा करायचं, एका मापात आणायचं, गोदामातल्या मालाशी जुळवायचं आणि पहाटेची बोट भरायला घेण्याआधी अपिया बंदरातल्या हमालांना सांगायचं, की कोणत्या गावाला काय हवंय. सगळ्यांचं ऐकून घेऊन निवाडा करायचा, म्हणून बायबलमधल्या शहाण्या राजाचं नाव.

निवाडा चोख असायचा. फक्त तो बोट भरून झाल्यावर यायचा. तोवर हमालांनी हाताला लागेल ते चढवलेलं असायचं. ज्या गावात दुधाची पावडर संपलेली, तिथे रंगाचे डबे उतरायचे. आलेला माल परत पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून लोक तो रंग लावून टाकायचे. वाईमालुचं चर्च वर्षभरात गुलाबी, मग हिरवं, मग अर्धं निळं झालं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी बोटीची वाट पाहणं चालू होतं.

*सोलोमोना: थांबला आहे.*

पेटी सांभाळायची फुआतिनो. तिला ऑकलंडच्या मुख्य कचेरीतून कळवलं होतं, की लेकरांच्या पांढऱ्या रविवारच्या सणापर्यंत सोलोमोना वेळेत काम संपवायला लागला नाही, तर त्याला ऑकलंडला हलवू आणि वाईमालुची खोली बंद करू. खोली बंद म्हणजे फुआतिनोची नोकरी बंद. मग ऑकलंडला बहिणीच्या गॅरेजमध्ये गादी, आणि कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात पाळी. एक हिवाळा तिने ते करून पाहिलं होतं. परत आली तेव्हा महिनाभर हातांचा गारठा गेला नव्हता. इथे तिने पगारातून साठवून समुद्राकडे तोंड करून एक घर बांधायला घेतलं होतं. त्याचं छप्पर निम्म्यावर आलं होतं. ती उघड्या निम्म्यात वाऱ्याला झोपायची आणि पाऊस आला की गादी ओढून छपराच्या निम्म्यात आणायची. एवढं सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं.

सोलोमोनाला चपळ करायला कंपनीने राल्फला पाठवलं. राल्फ ऑकलंडात वाढलेला, पण त्याची आई वाईमालुची. त्यामुळे तो बसमधून उतरला तेव्हा तो तज्ज्ञ होता, आणि दुकानापर्यंत चालत येईतो अख्ख्या गावाचा भाचा झाला होता. वाटेत चार घरी खाऊन तो खोलीत आला, पोत्यावर बसला आणि म्हणाला, की पेटी चांगली आहे, तारा चांगल्या आहेत, मग हा बाबा रोज संध्याकाळी तासन्‌तास नुसता उभा का राहतो?

फुआतिनोला प्रश्नच कळेना.

‘प्रार्थनेला बसतो ना,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘सोलोमोना. सा असते तेव्हा.’

‘फुआताई, मशीनला कसली—’

शंख वाजला.

&nbsp;

&nbsp;

&nbsp;

शंख पुन्हा वाजला.

‘—प्रार्थना?’ राल्फने वाक्य पूर्ण केलं. मधल्या वेळात तो खाली मान घालून बसला होता, कारण त्याच्या आईने ऑकलंडातही हे सोडू दिलं नव्हतं. सा म्हणजे या दोन शंखांमधली सांजेच्या प्रार्थनेची वेळ; तेवढ्यात रस्त्यावर कोणी चालत नव्हतं, आणि औमागाची पोरं, म्हणजे गावातले अजून घराण्याची पदवी न मिळालेले गडी, लुंग्या नेसून ठरावीक अंतरावर पहारा देत उभी होती. पेटीचा पंखा बंद पडलेला ऐकू येत होता. सोलोमोनाही गप्प होता.

फुआतिनोने त्याला समजावलं, आणि समजावताना तिला पहिल्यांदाच वाटलं की यात समजावण्यासारखं काहीतरी असावं. पेटी नवी आली तेव्हा ती सांजेच्या प्रार्थनेत घरघरत राहिली. मताईंच्या, म्हणजे पदवी मिळालेल्या घरप्रमुखांच्या, सभेने कंपनीला दंड केला, एक मोठं डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची खोकी. तेव्हापासून दुकानात एक बटण आहे. शंख वाजला की दुकानदाराने ते दाबायचं, म्हणजे सोलोमोना थांबतो. मग बाकीच्या गावांनी विचारलं, आमच्या साच्या वेळी आमचे आकडे रस्त्यावरून फिरतातच कसे? म्हणून प्रत्येक गावाला एकेक बटण मिळालं. डोंगराच्या आडोशाप्रमाणे प्रत्येक गावाचा सूर्य वेगळ्या वेळी बुडतो. एका गावाची सा उठली की दुसऱ्याची बसते. आणि सगळ्यांची उठल्याशिवाय सोलोमोना उठत नाही.

‘पण तरी इतका वेळ नाही लागणार,’ राल्फ म्हणाला.

‘ते पेलेनीसेमुळे. प्रार्थना झाली की बाई जेवायला बसते. उठवायचं बटण तिला झोपायच्या आधी आठवतं. कधी कधी झोपल्यावर आठवतं.’

राल्फने फोन करून पेलेनीसेला विचारलं, की तुमच्यामुळे सगळं बेट खोळंबतं हे तुम्हाला माहीत आहे का. तिने शांतपणे सांगितलं, की माहीत आहे. पोरगा देवापुढे बसलाय, त्याला हाताला धरून कोण उठवणार, आणि तू कोणाचा रे, सालोमेचा का? तुझी आईपण अशीच घाईची होती, लग्नालासुद्धा.

*सोलोमोना: थांबला आहे. फालेपुना जेवत आहे.*

राल्फने मग जे केलं ते कुठल्याही ऑकलंडकराने केलं असतं. त्याने बटणांच्या तारा तोडल्या. शिवाय, एकेका गावाचं ऐकण्याऐवजी सोलोमोनाने सगळ्या गावांचं एकदम ऐकावं अशी सोय केली. फुआतिनोने एकदा म्हणून पाहिलं, की सभेला विचारून घेऊ. पण पांढरा रविवार जवळ आला होता, छप्पर निम्मं होतं, आणि तिने फार ताणून धरलं नाही. त्या संध्याकाळी शंख वाजला आणि सोलोमोना थांबला नाही आणि पंखा इतका घुमला की पोती थरथरली आणि वाईमालुतून मीठ आलं तुफुगातून रॉकेल आलं आसोलुआतून चपला आल्या डाव्या उजव्या वेगळ्या आणि फालेपुनात पेलेनीसे छत्र्यांचा आकडा टाकत होती दोन छत्र्या आणि शंख ऐकून तिने आहे तिथेच डोकं टेकलं आणि कोपर शून्यावर टेकलं आणि ती आपल्या सुनेसाठी आणि सुनेच्या गुडघ्यासाठी आणि पंतप्रधानासाठी आणि आजाऱ्यांसाठी देवाकडे मागत राहिली आणि शून्यं जात राहिली आणि सोलोमोनाने ती सगळी ऐकली आणि मिठाशी रॉकेलशी चपलांशी जुळवली आणि आमेन म्हणायच्या आत निवाडा अपियाला पोचला.

बोट वेळेत भरली. छत्र्यांनी.

गोदामातल्या, मग बाजारातल्या, मग शेजारच्या व्यापाऱ्यांकडून उसन्या आणलेल्या छत्र्या. त्या फालेपुनाला उतरल्या. बाकीच्या गावांना काहीच उतरलं नाही. फालेपुनाच्या लोकांनी माल परत पाठवला नाही, ते बरं दिसत नाही. त्यांनी प्रत्येक डुकरावर, प्रत्येक केळीवर, बसच्या प्रत्येक खिडकीत एकेक छत्री लावली. बाकी बेटावर चहा कोरा प्यायला गेला.

आणि वाईमालुच्या खोलीच्या दाराशी औमागाची पोरं उभी राहिली. भाच्याला आणि पोरीला सभेने बोलावलंय, असा निरोप होता. पेटीलाही घेऊन या म्हणाले होते, पण वायर पुरली नाही.

*सोलोमोना: काम पूर्ण.*

सभेच्या घराला भिंती नसतात, खांब असतात, आणि प्रत्येक मताईची पाठ त्याच्या त्याच्या खांबाला असते. राल्फ आणि फुआतिनो मधल्या चटईवर मांडी घालून बसले. बोलायचं काम माताफेओचं होतं. म्हातारा गावाच्या वतीने गेली कित्येक वर्षं बोलत आला होता आणि त्याच्या हातातल्या माशा वारायच्या कुंच्याला बोलण्याआधी नेहमी थोडा वेळ लागायचा. कुंचा डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर गेला.

माताफेओ म्हणाला, की सभेला यंत्राचा राग नाही. यंत्र सा पाळत होतं, तेव्हा गावाला त्याचं कौतुकच होतं. पाद्रीबुवांनी मुलांना त्याचं उदाहरण दिलं होतं. पण सा मोडून जो हिंडतो त्याचं काय होतं, हे फालेपुनाने पाहिलं आहे. डुकरांना छत्र्या. आता सभा ठरवेल, की पेटी गावात राहील की नाही.

राल्फने आईच्या भाषेत उत्तर द्यायला सुरुवात केली. ती भाषा त्याच्याकडे स्वयंपाकघरापुरतीच होती, त्यामुळे तो बहुतेक भांडी, ताटं आणि ‘लवकर खाऊन घ्या’ एवढ्यावरच अडकला. मताईंनी मान हलवून त्याला थांबवलं. भाचा भुकेला असावा असं ठरून कोणीतरी त्याला केळं दिलं.

पेटी गेली तर ऑकलंड, पेटी हळू चालली तरी ऑकलंड. फुआतिनो खांबांमधून बाहेर पाहत होती. बाहेर औमागाची पोरं रस्त्यावर येऊन उभी राहायला लागली होती, कारण सूर्य खाली चालला होता. सगळे बसणार, आणि ही पोरं मात्र उभी राहणार, चालणार, इकडून तिकडे जाणार. त्यांना कोणी कधी दंड केला नव्हता.

‘माताफेओ आजोबा,’ ती म्हणाली, ‘सा असताना कोणाला चालायची मुभा आहे?’

‘औमागाला. त्यांनी नाही चाललं तर पहारा कोण देणार?’

‘मग सोलोमोनाला औमागात घ्या.’

कुंचा हवेतच राहिला.

‘साच्या वेळी तो कोणाशी बोलणार नाही,’ ती घाईघाईने सांगू लागली. ‘कोणाकडून काही घेणार नाही. दिवसभरात जे गोळा झालंय तेच घेऊन गपचूप फेऱ्या मारेल, जुळवत बसेल. आवाज नाही. पंख्याला मी फडकं लावते. आणि सा उठली की बटण दुकानदाराने नाही, शंख वाजवणाऱ्या पोरांनी दाबायचं. ती नाही विसरायची. त्यांना सा उठली की व्हॉलीबॉलला पळायचं असतं.’

‘पेलेनीसेने दाबायचंच नाही?’ राल्फने केळं खाली ठेवलं.

‘पेलेनीसेने जेवायचं.’

सभेत चर्चा झाली ती अशी. एका खांबाने विचारलं, तो कोणाचा? दुसऱ्या खांबाने सांगितलं, इथेच वाढला, दुकानामागे, कोणी बाहेरचा नाही. तिसरा खांब म्हणाला, औमागात यायचं तर मताईंची सेवा करावी लागते. तो रविवारी चुलीतले तापलेले दगड उचलेल का? हात नाहीत. होडी ओढेल का? पाय नाहीत. अंगात ऊब आहे का? आहे, पाठीमागून गरम वारा येतो. मग माताफेओचा कोको वाळवायचं काम त्याच्याकडे. लुंगी नेसेल का? नेसेल, पण खालच्या बाजूने, नाहीतर गुदमरेल. चौथा खांब झोपला होता. त्याची संमती धरली गेली.

शेवटी माताफेओने कुंचा मांडीवर ठेवला. ‘आणि तू त्याची कोण?’

‘मी सांभाळते त्याला.’

‘हे उत्तर नाही झालं. आई का?’

फुआतिनो लाजली. ‘एवढं मोठं वय नाही माझं, आजोबा.’

‘मग बहीण,’ माताफेओ म्हणाला, आणि ते ठरलं.

शंख वाजला.

&nbsp;

*सोलोमोना: चालत आहे.*

&nbsp;

शंख पुन्हा वाजला.

आता रोज काय व्हायचं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. सोलोमोना दिवसभर थोडं थोडं गोळा करायचा. सा बसली की दारं मिटून घेतल्यासारखा आतल्या आत जुळवायचा. सा उठली की औमागाचा गडी शंख खाली ठेवता ठेवता बटण दाबायचा, राहिलेले आकडे यायचे, आणि रात्रीचं जेवण उरकायच्या आत अपियाला निरोप गेलेला असायचा. दूध मागणाऱ्याला दूध मिळालं. चर्चचा निळा रंग पूर्ण झाला. पेलेनीसेने निवांत जेवून फोन केला, की हल्ली पोरगा माझ्यासाठी थांबत नाही, मोठा झाला वाटतं, आणि फोनवरच जरा रडली.

राल्फने ऑकलंडला कळवलं, की काम इतकं झटपट झालंय की विश्वास बसणार नाही.

ऑकलंडला विश्वास बसला. तिथल्या मोठ्या बाई, मिसेस हार्ग्रीव्ह, फार खूश झाल्या. त्यांनी लगेच उलट कळवलं, की सोलोमोना आता इतका चांगला चालतो, तर त्याला बेटावर ठेवण्यात अर्थ नाही. त्याला ऑकलंडला हलवू आणि वाईमालुची खोली बंद करू.

फुआतिनोने ते वाचलं आणि ती सोलोमोनाच्या कडेला पोत्यावर बसली. त्याच्या पाठीमागे कोको वाळत होता. त्याच्या कमरेला औमागाची निळी लुंगी होती. हळू चालला म्हणून न्यायचं होतं, आता जोरात चालतो म्हणून न्यायचं होतं. मधला एखादा वेग असेल का, ज्याला कोणी काही म्हणत नाही, याचा तिने थोडा विचार केला.

‘मी त्यांना समजावतो, फुआताई,’ राल्फ म्हणाला.

‘कुठल्या भाषेत?’ ती म्हणाली. पण मग तिने डोळे पुसले आणि ती सभेकडे गेली, कारण औमागातला गडी परदेशी निघाला तर आधी सभेला सांगायचं असतं.

मताईंना बातमी नवी नव्हती. गावातून दर वर्षी कोणी ना कोणी जातंच. कोणाला वाईट वाटलं तरी सभा अडवत नाही. निरोपाचं गाणं होतं, गळ्यात माळा घालतात, पाद्रीबुवा लांब प्रार्थना करतात. पोरांनी तर त्याच्यासाठी माळा ओवायलाही घेतल्या होत्या. फुआतिनोला वाटलं, संपलं.

माताफेओने राल्फला सांगितलं, की बाईंना फोन लाव आणि तो मध्ये ठेव, सगळ्यांना ऐकू येईल असा. मिसेस हार्ग्रीव्ह फोनवर आल्या. माताफेओने आधी त्यांच्या वाडवडिलांना, मग त्यांच्या गावच्या डोंगराला, नदीला आणि चर्चला मानवंदना दिली. त्यांचा डोंगर कोणता हे माहीत नसल्याने त्याने तो अंदाजाने घेतला. मिसेस हार्ग्रीव्ह मध्ये दोनदा ‘हॅलो’ म्हणाल्या. मग तो मुद्द्याला आला.

‘बाई, सभेची ना नाही. पण आमच्याकडे भावाला बहिणीचा शब्द मोडता येत नाही. बहीण म्हणजे डोळ्यातलं बुबुळ. तिने नको म्हटलेला भाऊ विमानात बसत नाही. तेव्हा तिला विचारतो.’

‘बहीण कोणाची?’ फोनमधून आवाज आला. ‘अशी दुसरी पेटी आहे का तिथे?’

सगळे खांब फुआतिनोकडे पाहत होते. माताफेओ तिला ‘पोरी’ म्हणाला नाही. त्याने कुंचा दोन्ही हातांत धरला आणि मोठ्या मताईला विचारावं तसं विचारलं:

‘सोलोमोनाच्या ताई, तुमचा शब्द काय?’

तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं, आणि ज्याच्यासाठी विचारत होतं त्याला कान नव्हते. तिने बाहेर पाहिलं. झाडांच्या पलीकडे तिचं निम्मं छप्पर दिसत होतं.

‘राहील तो इथेच,’ ती म्हणाली.

मिसेस हार्ग्रीव्ह म्हणाल्या, की हे बघा, हा कंपनीचा निर्णय आहे आणि यंत्राला बहीण असण्याचा प्रश्नच येत नाही. माताफेओने अतिशय आदराने सांगितलं, की बरोबर आहे, निर्णय कंपनीचाच. फक्त बहिणीचा शब्द मोडून भाऊ गेला, तर दुकानाच्या दाराला नारळाची झावळी बांधावी लागेल, आणि झावळी बांधलेल्या दुकानात मग गावातलं कोणी पाऊल ठेवत नाही. बाकीच्या गावांनाही हे कळवावं लागेल, कारण सोलोमोना त्यांचाही मुलगा आहे. फालेपुनाची एक बाई तर आत्ताच निघाली आहे, छत्री घेऊन.



मिसेस हार्ग्रीव्हनी बारीक आवाजात विचारलं, की बहिणीचं मन बदलायला साधारण किती दिवस लागतात.

‘एका पिढीत नाही बदलत,’ माताफेओ म्हणाला.

राल्फ एकटाच परत गेला. सोलोमोनासाठी ओवलेल्या माळा त्यालाच घातल्या, त्यामुळे विमानतळावर त्याचं तोंड दिसत नव्हतं. पांढऱ्या रविवारी वाईमालुच्या लेकरांनी पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ म्हटले. त्यांच्या जेवणानंतर औमागाच्या गड्यांची पानं वाढली गेली, आणि एक पान खोलीत नेऊन सोलोमोनासमोर ठेवलं गेलं: तारोचा कंद, डुकराचा तुकडा, नारळाच्या दुधात शिजवलेली कोवळी पानं. कोणाचा वाटा चुकवायचा नसतो. त्या आठवड्यात फुआतिनोच्या छपराचं उरलेलं काम औमागाने येऊन करून दिलं, कारण गड्याच्या बहिणीचं घर उघडं राहिलेलं गावाला चालत नाही.

तेव्हापासून दर रविवारी त्याला पान वाढतात, पोरं घासभर मागच्या पट्टीतून आतही भरवतात, आणि दर सोमवारी सोलोमोना जरा संथ असतो. पेटीत मुंग्या झालेल्या असतात. फुआतिनो सकाळी दार उघडते, मागची पट्टी काढते आणि चमच्याने तारोचे तुकडे नि मुंग्या बाहेर काढत बसते. अपियाचे हमाल कधी फोन करून विचारतात, आज उशीर का?

‘काल जेवला भरपूर,’ ती सांगते, आणि तिकडून कोणी पुढे काही विचारत नाही.